सासूबाई गेल्या तर सुटेन, असं मनात येतं. माझा इड बळावलाय का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून ४२ वर्षांच्या ताई लिहितात. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, सगळं अंथरुणातच करावं लागतं. यजमान कारखान्यात पाळीवर जातात, मुलगा दहावीत आहे, दीर-जाऊ पुण्याला असतात आणि सणावाराला येतात. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. तीन महिन्यांपूर्वी मध्यरात्रीनंतर चादर बदलताना ताईंच्या मनात आलं, ‘आता या गेल्या तर मी सुटेन.’ तेव्हापासून तो विचार पुन्हा पुन्हा येतो. आला की त्या देवापुढे दिवा लावतात, सासूबाईंच्या पाया पडतात, गोळ्या तीनदा तपासतात. अंग पुसणं आता दिवसातून दोनदा करतात. यजमानांनी ब्यूरोची बाई ठेवू म्हटलं, तर ‘मी असताना बाहेरची कशाला?’ म्हणून त्यांनीच नको म्हटलं. ताई दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम. ए. करत आहेत आणि सध्या मनाच्या नकळत थरांचा अभ्यास, म्हणजे मनोविश्लेषण, सुरू करणारा फ्रॉइड अभ्यासाला आहे. त्या लिहितात, “इड म्हणजे माणसातलं जनावर, असं नोट्समध्ये आहे. माझं जनावर सुटलंय. नातेवाईक म्हणतात, सून असावी तर अशी. ते ऐकलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. षड्रिपूंतला क्रोध जिंकता येत नसेल, तर मी सेवा करायला लायक आहे का? इड मारता येतो का? मैत्रीण म्हणते, साठवून ठेवू नको, उशी बडव. आणि हे यजमानांना सांगावं का?”

प्रिय ताई,

इड मारता येत नाही, आणि मारायची गरजही नाही. तुमच्या मनात आलेलं ते वाक्य म्हणजे गुन्हा नव्हे. उद्या तुम्ही काय कराल याचं ते भाकीतही नव्हे. तुम्ही दीड वर्ष काय करत आलात ते तुमच्या पत्रात ओळीओळीला दिसतं, आणि माणसाची पारख करायचीच असेल तर ती त्यावरून करावी. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, कारण तुम्ही विषय शिकता आहात आणि त्यातल्याच शब्दांनी स्वतःवर आरोप ठेवला आहे. म्हणून त्याच शब्दांत शिरून बोलू.

नोट्समधलं ते वाक्य अर्धवट आहे. फ्रॉइडने मनाची इड (मूळ इच्छा आणि प्रेरणा), अहम् (वास्तवाशी जुळवून घेणारा ‘मी’) आणि पराहम् (आतून पारख करणारी सदसद्विवेकबुद्धी) अशी मांडणी १९२३ साली केली. इडचं सगळ्यात नेमकं वर्णन मात्र त्याच्या १९३३च्या व्याख्यानांत सापडतं. तिथे तो सांगतो, की इडला काळ कळत नाही, तर्क कळत नाही, बरंवाईट कळत नाही, ‘नाही’ हा शब्दच त्याच्याकडे नाही. एकमेकांना छेद देणाऱ्या दोन इच्छा तिथे शेजारी शेजारी राहतात आणि एकीमुळे दुसरी रद्द होत नाही. हे तुमच्या परिस्थितीला लावून पाहा. ‘या गेल्या तर सुटेन’ आणि ‘यांना काही होऊ नये’ या दोन्ही गोष्टी तुमच्या मनात एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुम्ही धरून चालला आहात, की पहिली खरी आणि दुसरी वरवरची, सेवेचं सोंग. असं धरायला त्या सिद्धांतात काहीच आधार नाही. कोलकात्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. त्यांनी तर पुढे जाऊन मांडलं होतं, की वर येणाऱ्या प्रत्येक इच्छेच्या पाठीशी तिची उलटी इच्छा असतेच. फ्रॉइडशी त्यांचा या मुद्द्यावर पत्रव्यवहारही झाला.

आणखी एक गोष्ट नोट्समध्ये सहसा निसटते. १९२०पासून फ्रॉइड दोन मूळ प्रेरणा मानू लागला: जोडणारी, जगवणारी, माया लावणारी एक आणि तोडणारी, विझवणारी दुसरी. या दोन्ही प्रेरणांचं घर इडच. म्हणजे सासूबाईंच्या घशात घास अडकला तर पुस्तक टाकून तुम्ही धावता, ती धावही तिथलीच. पुढच्या काळात याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सात मूलभूत भावनिक यंत्रणा दाखवल्या. त्यांत संताप आहे आणि पोटच्यांना जपणंही आहे, आणि या दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. जनावर म्हणायचंच असेल तर पिल्लाला चाटणारं जनावरही तेच आहे, ताई.

षड्रिपूंचं म्हणाल, तर ती कल्पना वेगळ्या कामासाठी आहे. तिथे काम-क्रोध हे शत्रू आहेत आणि साधना करून त्यांना जिंकायचं असतं. इड हा शत्रूंच्या यादीतला सातवा नाही. तो मनाचा ऊर्जेचा साठा आहे. अहम्‌ला लागणारं बळही तिथूनच येतं. दोन्ही कल्पना एकात एक मिसळल्या की ‘मनात आलं म्हणजे हरले’ असा हिशेब होतो. तो कुणालाच झेपत नाही.

आता त्या रात्रीकडे नीट पाहू. १९१५च्या एका निबंधात फ्रॉइडने प्रेरणेचे चार भाग सांगितले आहेत: उगम, जोर, उद्दिष्ट आणि विषय. परीक्षेसाठी तुम्ही ते पाठ केले असतील, पण इथे त्यांचा खरा उपयोग आहे. उगम नेहमी शरीरात असतो. तुमच्या बाबतीत तो शोधायला लांब जावं लागत नाही: दीड वर्षात सलग चार तास झोप नाही, पाठ-कंबर धरलेली, जेवण उभ्या उभ्या. जोर म्हणजे त्या गरजेची तीव्रता, आणि मध्यरात्रीनंतर ती सगळ्यात जास्त असणारच. उद्दिष्ट एकच असतं, उगमाशी चाललेला ताण थांबवणं. तुमचं उद्दिष्ट आहे झोप आणि सुटका. चौथा भाग म्हणजे विषय, ज्याच्याद्वारे ते उद्दिष्ट गाठता येईल अशी वस्तू, व्यक्ती किंवा घटना. फ्रॉइड स्पष्ट म्हणतो, की प्रेरणेतला सगळ्यात बदलता भाग हाच. तो मुळात प्रेरणेला चिकटलेला नसतो. त्या वेळी जे हाताशी दिसलं ते मनाने उचललं, इतकंच.

त्या रात्री तुमच्या डोळ्यांसमोर काय होतं? ओली चादर, कुशीवर वळवलेलं शरीर आणि पुन्हा दोन तासांनी हेच. या सगळ्याचा शेवट म्हणून मनाला तिथे एकच घटना दिसली. शेजारच्या खोलीत कुणी उठून ‘तू जा, मी बघतो’ म्हणालं असतं, तर त्याच प्रेरणेने त्या वाक्याला मिठी मारली असती. आणखी एक बाब तुम्हाला उपयोगी पडेल. स्वप्नांवरच्या १९००च्या ग्रंथात फ्रॉइड लिहितो, की लहान मुलाच्या मनात ‘मेला’ याचा अर्थ ‘निघून गेला, आता त्रास देत नाही’ एवढाच असतो. यातना, चिता, तेरावा यांतलं काही त्यात नसतं. मनाच्या खालच्या थरात मृत्यूची कल्पना तेवढीच कच्ची राहते. तुमच्या वाक्यातही जोर ‘सुटेन’वर आहे.

म्हणून ‘इड कसा मारू’ हा प्रश्न सोडा. ‘उगमाशी काय कमी पडतंय आणि विषय कोणता बदलता येईल’ हा प्रश्न घ्या. त्याला उत्तरं आहेत, आणि ती बरीचशी घरगुती आहेत. पण त्याआधी पराहम्‌बद्दल बोलायला हवं, कारण तुमचा खरा छळ तिकडून चालला आहे.

तुम्ही लिहिता, की इड पराहम्‌पेक्षा बलवान झालाय. मला चित्र उलटं दिसतं. इड बेफाम झालेला माणूस दिवे लावत नाही, गोळ्या तीनदा मोजत नाही आणि असं पत्रही लिहीत नाही. १९३०च्या सुमारास फ्रॉइडने एक निरीक्षण नोंदवलं: माणूस जितका सद्वर्तनी, तितकी त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याच्यावर जास्त संशय घेते. कारण पराहम्‌ला इच्छा आणि कृती यांतला फरक मान्य नसतो. कृती लपवता येते, इच्छा त्याच्यापासून लपत नाही, म्हणून नुसत्या इच्छेलाही पूर्ण शिक्षा होते. त्यात नातेवाईक येऊन म्हणतात, ‘सून असावी तर अशी.’ ते तुम्हाला कौतुक म्हणून ऐकूच येत नाही. तुमच्या पराहम्‌ला मोजायला आणखी उंच पट्टी मिळते, आणि रात्रीचा विचार त्या पट्टीपुढे आणखी काळा दिसतो. कौतुक करून, चहा पिऊन निघून जाणाऱ्या माणसांनी एक रात्र थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

दिवा, नमस्कार, गोळ्या तपासणं, दुसऱ्यांदा अंग पुसणं, ब्यूरोच्या बाईला नकार: या सगळ्यांना तुमच्या विषयात नावं आहेत. विचार ‘पुसण्यासाठी’ केलेली कृती म्हणजे निराकरण. राग लपवायला त्याच्या उलट टोकाला जाऊन केलेली अतिसेवा म्हणजे प्रतिक्रिया-निर्मिती. हे खोटेपण नव्हे. अहम् अडचणीत असताना वापरतो ती ही साधनं आहेत. पण त्यांची किंमत मोजावी लागते. प्रतिक्रिया-निर्मितीने काम वाढतं, काम वाढलं की झोप घटते, झोप घटली की उगमाशी ताण वाढतो आणि विचार जास्त जोराने येतो. तुमच्या गेल्या तीन महिन्यांत नेमकं हेच चक्र दिसतं.

फ्रॉइडने १९०९ साली व्हिएन्नातल्या एका तरुण वकिलाची हकीकत प्रसिद्ध केली. वडिलांवर त्याचं अतोनात प्रेम होतं. तरी, वडील गेले तर आपण श्रीमंत होऊ आणि लग्न जमेल, असं एकदा त्याच्या मनात आलं होतं. ‘ती इच्छा नव्हती, नुसता विचार होता,’ असं तो परोपरीने सांगत असे. पुढे वडील वारले. त्यानंतर कित्येक वर्षांनीही आपल्या विचारामुळे वडिलांना काहीतरी भोगावं लागेल या भीतीने तो विधी करत राहिला. मनात आलं की घडतं, या समजुतीला ‘विचारांची सर्वशक्तिमानता’ हे नाव त्याच रुग्णाने दिलं. आज याकडे आपण मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या अंगाने पाहतो. तुम्हाला ओसीडी आहे, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण मोजून बघा. तपासणं, नमस्कार, मनातल्या मनात क्षमा मागणं यांत दिवसाचा एक तासाहून जास्त वेळ जात असेल, किंवा त्यामुळे रोजची कामं अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर औषधं आहेत आणि वर्तनोपचारही आहेत, आणि ते गुण देतात. अशा वेळी इडच्या चर्चेत महिने घालवू नका.

रुग्णसेवेचा आणि मनोविश्लेषणाचा संबंध तर अगदी सुरुवातीपासूनचा आहे. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णेच्या हकिकतीत फ्रॉइड सांगतो, की तिने दीड वर्ष वडिलांची शुश्रूषा केली, त्यांच्याच खोलीत झोपली, हाकेला रात्री उठली. नंतर तिचे पाय दुखू लागले, आणि दुखण्याची मुख्य जागा निघाली उजवी मांडी. रोज सकाळी पट्टी बदलताना वडिलांचा सुजलेला पाय ती तिथेच ठेवून घेत असे. त्या हकिकतीत फ्रॉइडने लिहिलं आहे, की शुश्रूषा करणारा माणूस स्वतःच्या भावना मागे टाकायला शिकतो, कारण त्यांना न्याय द्यायला त्याच्याकडे वेळही नसतो आणि शक्तीही. तुमची गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली गेली होती.

ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४९ साली आणखी धीटपणे लिहिलं. आपल्या तान्ह्या मुलाचा आईला तिटकारा का येऊ शकतो, याची त्यांनी अठरा कारणं दिली. बाळ तिला बिनपगारी मोलकरणीसारखं वागवतं, हे त्यांतलं एक. बाळ कितीही त्रास देवो, आई तो तिटकारा मनात वागवते आणि त्याची फेड बाळाला करत नाही, हीच त्यांना आईची सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. तुम्ही दीड वर्ष तेच करताय.

मैत्रिणीचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तो घेऊ नका. मन म्हणजे वाफेचा कुकर आणि शिट्टी झाली की मोकळं, हा समज फार पसरलेला आहे. भावनांचा निचरा करण्याची पद्धत फ्रॉइडने स्वतः सुरुवातीला वापरली आणि पुढे सोडून दिली. २००२ साली ब्रॅड बुशमन यांनी केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत गुद्दे मारणाऱ्यांचा राग वाढलेला आढळला. स्वस्थ बसलेल्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता. उशी बडवताना तुम्ही सासूबाईंना आठवणार, आणि नंतर त्याचीही टोचणी लागणार. याच्या उलट टोकाचा उपाय, म्हणजे ‘हा विचार येऊच द्यायचा नाही’, हाही चालत नाही. डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल वारंवार आलं. बंदी उठल्यावर तर ते जास्तच आलं.

मग करायचं काय? पहिले दहा दिवस फक्त नोंद. फोनमध्ये कुलूपबंद टिपण ठेवा. विचार आला की पाच गोष्टी लिहायच्या: किती वाजले, मागच्या चोवीस तासांत सलग झोप किती झाली, शेवटचं खाणं कधी, हात कोणतं काम करत होते आणि विचाराचे नेमके शब्द. दोन मिनिटांत संपवा. इथे हमखास एक चूक होते. नोंदीचा कबुलीजबाब होतो आणि ‘मी किती वाईट’ असं पानभर लिहिलं जातं. तसं झालं तर नोंद म्हणजे तुमच्या विधींत आणखी एकाची भर. कारण लिहू नका, माफी लिहू नका. दहा दिवसांनी वेळेचे आकडे खालून वर वाचा. माझा अंदाज आहे की ते काही ठरावीक तासांभोवती दाटीने बसलेले दिसतील, आणि त्यांच्या शेजारचा झोपेचा आकडा लहान असेल. तसं निघालं तर उगम तुमच्यासमोर कागदावर आहे.

झोपेचं वेगळं नियोजन लागेल. एकूण सहा तास तुकड्यातुकड्यांनी मिळण्यापेक्षा सलग साडेचार-पाच तासांचा एक तरी पट्टा मिळणं महत्त्वाचं. यजमानांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात तुम्ही साडेआठला झोपा. बारा-साडेबारापर्यंतचं सगळं ते बघतील, सासूबाईंची कूस बदलून मग झोपतील, आणि तुम्हाला उठावं लागेल ते अडीचच्या सुमाराला. त्या काळात तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. त्याच खोलीत आडवं झाल्यावर कान जागे राहतात आणि झोप उथळ होते. यजमानांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र निदान तीन रात्री ब्यूरोची मावशी लावाच. तिला तुम्ही नाही म्हणालात, ते पैशासाठी की त्या रात्रीचं प्रायश्चित्त म्हणून, हे स्वतःला एकदा विचारा. पत्रातलं वाक्य वाचून मला दुसरं कारण जास्त संभवतं.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी असेल तर तिची वेळ बदलता येईल का? (स्वतःहून बदलू नका.) हवेची गादी असेल तर रात्री कूस बदलण्यातलं दोन तासांचं अंतर थोडं वाढवता येईल का? दिवसा सासूबाईंना फार झोप लागते का, आणि ती कमी करता येईल का? कूस बदलण्याचं अंतर त्वचा पाहूनच ठरतं. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज बघा. बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर अंतर वाढवायचं नाही.

गोळ्यांसाठी आठवड्याची खणांची डबी आणा. रविवारी यजमानांसोबत एकदा भरायची, एकदा तपासायची, झाकण लावायचं. नंतर फक्त त्या वेळेचा खण उघडायचा. पुन्हा तपासण्याची ओढ येईल. तेव्हा आधी दहा मिनिटं थांबा, चार-पाच दिवसांनी वीस मिनिटं करा. अस्वस्थता चढते आणि काहीही न करता उतरते, हे शरीराला अनुभवाने कळावं लागतं. ‘अहो, मी गोळी बरोबर दिली ना?’ हे विचारणं म्हणजेही तपासणंच, तेही लांबवायचं. अंग पुसणं पुन्हा दिवसातून एकदा. संध्याकाळचा दिवा रोजच्या वेळी खुशाल लावा. विचार आला म्हणून जादा लावायचा नाही.

आणि विचार आला त्या क्षणी? मनात एवढंच म्हणा: ‘मी फार थकले आहे, मला सुटका हवी आहे.’ इडच्या मागणीचं हे अहम्‌च्या भाषेतलं रूप आहे. मागणी नाकारलेली नाही, तिचा विषय फक्त मोकळा केला. मग हातातलं काम पूर्ण करा.

दीर-जावेशी बोलायचंय. ‘जमेल का?’ असं विचारू नका, ‘नाही’ म्हणायला ती वाट सोपी पडते. असं म्हणा: “भाऊजी, आईंचं मी करते आहे आणि करीन. पण महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुम्ही दोघांनी इथे येऊन त्यांच्याजवळ राहायचं आहे. कोणते दोन, ते तुम्ही ठरवा.” ते आले की तुम्ही घरात थांबू नका, बहिणीकडे किंवा माहेरी जा. थांबलात तर त्यांचा स्वयंपाक, चहापाणी तुमच्याच गळ्यात पडेल आणि विश्रांतीच्या नावाखाली काम दुप्पट होईल. जाण्याआधी एका कागदावर गोळ्यांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा आणि डॉक्टरांचा नंबर लिहून ठेवा. भरवताना आणि त्यानंतर अर्धा तास त्यांना टेकवून बसतं ठेवायचं, हेही ठळक लिहा, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्यांच्या हातून चार गोष्टी उलटसुलट होतील, होऊ द्या. फोन करून सूचना द्यायच्या नाहीत.

तुमच्या अभ्यासासाठीही थोडं. या सिद्धांतावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. इडची ऊर्जा कुणाला मोजता आलेली नाही. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी म्हटलं, की मनोविश्लेषणाचे दावे खोटे ठरवण्याची सोयच ठेवलेली नाही. तेव्हा इड हा मेंदूत सापडणारा अवयव समजू नका, आणि ‘माझा इड अमुक टक्के’ असलं निदान स्वतःचं किंवा इतरांचं करू नका. आतल्या ओढाताणीचं वर्णन करायला मात्र ही भाषा अजून कामाची आहे. तुमच्यासारखीच सेवा करणाऱ्या आणि अशाच विचाराने घाबरलेल्या इतर वाचकांनीही ती एवढ्यापुरतीच वापरावी.

यापुढे काय झालं तर थांबायचं, तेही सांगते. नुसता विचार येणं वेगळं आणि पुढच्या गोष्टी वेगळ्या: कूस बदलताना हात मुद्दाम कठोर पडू लागणं, ओरडणं किंवा हात उगारला जाणं, जेवण-औषध जाणूनबुजून टाळलं जाणं, विचाराला बेत आणि तपशील जोडले जाणं, किंवा ‘त्यापेक्षा मीच संपावं’ असं वाटू लागणं. यांतलं एकही दिसलं तर सासूबाईंना सुरक्षित टेकवा, खाटेचे कठडे वर करा, खोलीबाहेर या आणि कुणाला तरी लगेच बोलवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागातही जाता येईल. तुमच्या पत्रात मला यांतलं काही दिसलं नाही. दिसलं असतं तर उत्तराची सुरुवातच इथून केली असती.

राहिला यजमानांना सांगण्याचा प्रश्न. सांगा. पण ते पाळीवरून दमून आल्या आल्या नको, आणि सासूबाईंच्या खाटेजवळ तर मुळीच नको. उजवी बाजू गेलेल्या रुग्णाची वाचा अनेकदा जाते, पण कानावर पडलेलं त्यांना बरंचसं समजत असू शकतं. सुट्टीच्या दिवशी घराबाहेर, चालता चालता बोला. ‘मला आई नकोशा झाल्यात’ असं म्हणू नका, कारण ते खरं नाही आणि यजमानांना ते ऐकवणारही नाही. म्हणा, “रात्री उठते तेव्हा मनात येतं की हे सगळं संपावं, आणि मग मला स्वतःचीच भीती वाटते. मला झोप हवी आहे.” लगेच झोपेच्या वेळापत्रकाचा आणि मावशीचा विषय काढा, म्हणजे त्यांनाही करण्यासारखं काहीतरी हाती लागेल. एकदा सांगा, नीट सांगा. पुढे दर वेळी विचार आला की त्यांच्याकडून ‘तू वाईट नाहीस’ असं वदवून घेऊ नका, त्याने चार घटकांचा दिलासा मिळतो आणि तपासणं पुन्हा सुरू होतं. ते ऐकून गप्प बसले तर घाबरू नका. आईच्या आजारपणात मुलाच्याही मनात असं काही येऊन गेलेलं असू शकतं, आणि ते बोलायला त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागेल.